दळणाऱ्या माउलीचा गळा

बायकांचे लोकगायन म्हटले की आपली मंडळी एकच कसोटी लावतात : गळा गोड आहे का? ही कसोटी फार तोकडी आहे. गळा घडतो तो कामाने, जागेने आणि ऐकणाऱ्याने.

जात्यावरची ओवी घ्या. ती कुणाला ऐकवण्यासाठी नसतेच. खुंटा धरून दोघी समोरासमोर बसल्या की जात्याची घरघर हाच त्यांचा तंबोरा. म्हणून आवाज खालचा, छातीतला, थोडा घोगरासुद्धा. दगडाच्या फेऱ्याबरोबर ओळीचा शेवट लांबतो. एकीचा दम सरतो तिथे दुसरी उचलते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेडोपाडीच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या ध्वनिमुद्रित ओव्या जरूर ऐकाव्यात. पेटी नाही, तबला नाही, आणि काही उणेही वाटत नाही. जनाबाईंचे दळणकांडण आपण कीर्तनात रंगवून सांगतो, पण तो गळा कसा असेल याचा विचार कितीजण करतात?

आता लावणी. (या पानांत तिचे नाव आले म्हणून कुणी कान झाकू नयेत, बोलणे गळ्याचे चालले आहे.) विठाबाई नारायणगावकरांचा आवाज तंबूतल्या शेवटच्या माणसाला गाठणारा, ढोलकीच्या वर चढणारा. वाईच्या यमुनाबाईंची लावणी बैठकीची. ऐकणारा दोन हातांवर, तेव्हा ओरडायचे कारणच नाही. एकच ओळ फिरवून फिरवून तिचे निरनिराळे अर्थ दाखवायचे. सुलोचना चव्हाणांचे मोल खणखणीत शब्दोच्चारात.

मग दिंडीत तुळस डोक्यावर घेऊन चालणाऱ्या माउलीलाच गोडव्याचे माप का? तिचा श्वास पावलावर तुटतो, स्वर रुंद लागतो. तो तसाच हवा. हल्ली मोबाइलवरचे अभंग ऐकून महिला भजनी मंडळांत एकच पातळ, नाजूक आवाज काढण्याची चढाओढ दिसते. स्टुडिओत तो शोभतो. सभामंडपात टाळ-पखवाज सुरू झाले की बुडतो. मग बाई गळा ताणते आणि दोन अभंगांत घसा बसतो. यात दोष तिचा नाही. पखवाज आधीच पुरुषांच्या पट्टीला लावलेला असतो. तिथे तिने एक तर किंचाळावे, नाही तर पुटपुटावे.

पेटीवाल्याने सूर धरण्याआधी एवढे विचारावे, “माउली, आपली पट्टी कोणती?” पखवाज तिथे उतरत नसेल, तर दुसरा मागवावा.