लिअर राजाचा वात

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चा विषय निघाला कीं आपल्याकडील रसिक दोन वाक्यांत निकाल लावून मोकळे होतात: मुली कृतघ्न निघाल्या, आणि म्हाताऱ्याची बुद्धि नाठी झाली. १९७० सालीं ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलें, १९७४ सालीं विंदा करंदीकरांनीं ‘राजा लिअर’ मराठींत आणला, आणि ही कथा घरोघरीं परिचयाची झाली. यांतील दुसरें वाक्य आम्हांस मान्य नाहीं. लिअरचें वेड म्हातारचळाचें नसून वाताचें आहे. हा भेद ध्यानांत न घेतल्यास नाटकाचा चौथा अंक हातून निसटतो, आणि कधीं कधीं घरांतलें वृद्ध माणूसही.

गंमत अशी कीं, म्हातारपणानें बुद्धि गेली हा निकाल टीकाकारांच्या आधीं नाटकांतल्या थोरल्या दोघी मुलींनीं दिलेला आहे. राज्य पदरांत पडतांच त्या आपसांत तेंच बोलतात, आणि पुढें बापाचे शंभर स्वार कमी करतांनाही त्याच्या वयावरच बोट ठेवतात. ज्यांना ऐंशी ओलांडलेला बाप अडचणीचा झाला, त्यांची साक्ष आपण निमूटपणें कां मानावी? पहिल्या अंकांतील त्याचा संतापी हट्ट खरा. पण त्याच मुलींच्या तोंडून आपण ऐकतों कीं हा स्वभाव जुनाच आहे.

खरें वेड येतें तें पुढें, तिसऱ्या अंकांतल्या एका रात्रींत. उघडा माळ, वादळ, पाऊस, डोळ्याला डोळा नाहीं. आसरा मिळतो तेथें राजा समोर नसलेल्या मुलींवर खटला चालवितो. नसलेलीं कुत्रीं त्याच्यावर भुंकतात. मग तो रानफुलें माळून हिंडतो. घटकेंत बरळतो, घटकेंत न्यायाधीश आणि चोर यांविषयीं असें बोलतो कीं शहाण्यानें मान खालीं घालावी. हा चढउतार हीच वाताची खूण. वैद्यकांत ज्याला डिलीरिअम म्हणतात, तो कांहीं तासांत किंवा दोनचार दिवसांत उद्भवतो. लक्ष ठरत नाहीं, शुद्ध झांकोळते, रात्रीं जोर होतो, आणि मुळाशीं बहुधा शरीरांतलेंच कांहीं कारण असतें. कॉर्डेलियाजवळचा वैद्य हें जाणतो. वनस्पतींनीं झोंप आणावी, एवढाच त्याचा उपाय. राजा जागा होतो तेव्हां अंगावरचीं वस्त्रें कोणाचीं, रात्र कोठें काढली, हें त्याला सांगतां येत नाहीं. पण मुलीला तो ओळखतो. हरवलेला काळ त्याला आतांच आठवायला लावूं नका, असें वैद्य बजावतो. शेक्सपिअरची नजर या बाबतींत तीक्ष्णच होती: ‘हेन्री दि फिफ्थ’मध्यें फॉल्स्टाफचें मरण सांगणारी खाणावळवाली, त्याचीं बोटें चादरीशीं चाळा करीत होतीं, हें सांगायला विसरत नाहीं, आणि हें चिन्ह हिपॉक्रेटीसच्या ग्रंथांतही नोंदलेलें आहे. म्हातारचळ झोंपेनें उतरत नाहीं. राजाला तोच झाला होता असें धरलें, तर बापलेकीची ती ओळख केवळ चमत्कार ठरेल.

डिमेन्शिया म्हणजे काय तें पाहावयाचें असेल तर सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २०१३ सालचा ‘अस्तु’ पाहावा. त्यांतील चक्रपाणि शास्त्री संस्कृतचे पंडित. अल्झायमरच्या रोगानें त्यांची स्मृति झिजत गेली आहे. ते हत्तीमागें चालूं लागतात ते पुऱ्या जागेपणीं, लहान मुलाच्या कुतूहलानें. मोहन आगाशे यांनीं ही भूमिका आक्रस्ताळेपणा न करतां केली आहे. माहुताची बायको त्यांना आईसारखें सांभाळते. उद्यां हें बरें होईल, असा खोटा दिलासा मात्र चित्रपट कोणाला देत नाहीं.

घरांत आपण या दोहोंची गल्लत करतों. काल सकाळीं वर्तमानपत्र वाचणारे आजोबा आज संध्याकाळीं मुलाला भावाच्या नांवानें हांक मारतात, भिंतीवरचे किडे झटकतात, आणि आपण म्हणतों, वय झालें! मूत्रमार्गाचा संसर्ग, फुप्फुसाचा दाह, अंगांतलें पाणी वा मीठ उतरणें, नवीन सुरू केलेली झोंपेची गोळी, मोडलेल्या खुब्यावरची शस्त्रक्रिया, यांपैकीं एखादें कारण त्याच दिवशीं डॉक्टरनें शोधावयास हवें. रुग्णालयांत चष्मा आणि कानाचें यंत्र काढून ठेवलें तरी भर पडते. याहून फसवा प्रकार गुपचूप पडून राहणाऱ्यांचा. ते कोणालाच त्रास देत नाहींत, म्हणून ते कोणाच्याच ध्यानांत येत नाहींत. महिने फाल्गुनापासून चैत्रापर्यंत उलटे म्हणावयास सांगावे. एरवीं जो सहज म्हणतो तो आज दोनतीन महिन्यांतच भरकटला, तर संशय घ्यावा. आधींच बुद्धिभ्रंश असलेल्या माणसाला वात लौकर होतो, तेव्हां ‘यांचें नेहमींचेंच’ म्हणून सोडणें तर अधिकच घातक.

आमच्या मताविरुद्ध एक आक्षेप घेण्यासारखा आहे. शेवटच्या अंकांत, कॉर्डेलियाचें प्रेत हातांत असतां, लिअर पुन्हा भरकटतो. केंटला तो ओळखतो, पण वेष पालटून आपली चाकरी करणारा तो हाच, हें त्याच्या डोक्यांत शिरत नाहीं. तथापि वात एकदां उतरला म्हणजे कायमचा गेला असें नसतें. मध्यंतरीं राजा कैदेंत पडलेला आहे, मुलगी डोळ्यांदेखत गेलेली आहे, आणि या अंकांत तो वैद्यही जवळ नाहीं.