गच्ची, गॅलरी आणि रस्ता

दिवाळीच्या सुट्टीत फराळाच्या ताटाबरोबर एखादे जुने पुस्तक हाताशी घेऊन बसण्याची माझी सवय आहे. यंदा पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ पुन्हा वाचली. पुस्तक निघाले १९५८ साली. हसू तेच आले. पण या खेपेस एका प्रकरणाशी मी अडखळलो. ते प्रकरण म्हणजे ‘गच्चीसह झालीच पाहिजे’.

बंद गच्ची आपल्याला मिळावी म्हणून भाडेकरू कंबर कसतात. आपण हसतो, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या गर्जनेचे ते विडंबन आहे. परंतु मागणी काय आहे, ती पाहा. खोली वाढवून द्या, असे कोणी म्हणत नाही. चारचौघांत बसायला मोकळी जागा द्या, एवढेच म्हणणे आहे! आमच्या टीकाकारांनी या पुस्तकातील विनोदाची पुष्कळ वाखाणणी केली. सार्वजनिक जागेचा एवढा नेमका प्रश्न त्यात आहे, हे मात्र क्वचितच कोणी सांगितले.

या प्रश्नाचे शास्त्र सांगणारे पुस्तक त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६१ साली, अमेरिकेत निघाले. जेन जेकब्स या बाईंचे ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’. बाईंपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. मॅट्रिकपाशी थांबलेल्या माझ्यासारख्या मास्तराला त्याचाच धीर वाटतो. न्यूयॉर्कच्या हडसन रस्त्यावरील आपल्या घराच्या खिडकीतून त्यांनी जे पाहिले, त्यावरून भल्याभल्या नगररचनाकारांना त्यांनी खडे बोल सुनावले. जुनी वस्ती सरसकट पाडून मधे हिरवळ ठेवली, म्हणजे शहर सुधारत नाही. रस्ता जिवंत राहायला घरे आणि दुकाने शेजारी शेजारी हवीत, गल्ल्या आखूड हव्यात, नव्यांबरोबर जुन्या इमारतीही हव्यात आणि माणसांची दाटी हवी. रस्त्यावर लोकांची नजर असली, की तो आपोआप सुरक्षित राहतो. आमच्या चाळीच्या गॅलरीने दुसरे काय केले?

मात्र दोन्ही पुस्तकांतील उणिवा झाकून चालणार नाही. जेकब्सबाईंना पदपथ आयता मिळाला होता. आमच्याकडे तो शोधावा लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या दंडकाप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट हवी. तिथे स्कूटर, विजेची पेटी आणि दुकानाची पायरी, तिघेही पाय रोवून उभे असतात. आणि चाळीवरचे आमचे लेखन? गॅलरीतल्या गप्पा त्यात भरपूर आल्या. पहाटेची नळावरची रांग आणि रात्री समाईक संडासाकडे एकटीने जाणारी सून, यांवर आम्ही हसून वेळ मारून नेली. चाळीची हुरहूर बहुधा चाळ सोडून गेलेल्यांनाच लागते.

म्हणून मुंबईच्या बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासाला मी नाके मुरडणार नाही. १९२०नंतरच्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या या चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या गेल्या. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरात स्वतःचे न्हाणीघर आणि संडास! ज्या माउलीने जन्मभर रांग लावली, तिला ‘पण शेजार गेला हो’ असे ऐकवण्याचा अधिकार मला नाही.

तरीही एक गोष्ट सांगतो. आमची स्वतःची चाळ पाडून उंच इमारत झाली, त्यालाही आता काही वर्षे लोटली. खाली चार मजले मोटारींचे, त्यांवर माणसे. आईला पूर्वी दाराबाहेर आले, की जग भेटे. आता लिफ्टने उतरावे, उतरणीवरून येणाऱ्या मोटारी चुकवाव्यात, मग फाटक, आणि फाटकाबाहेर पदपथच नाही. भाजीवाली समोरच बसते. पण मधला रस्ता ओलांडण्याची आईची छाती होत नाही. एके दिवशी ती म्हणाली, ‘‘बाळ, घर मोठं झालं रे, पण माझं गाव लहान झालं.’’

या वाक्यापुढे माझी सारी समीक्षा फिकी आहे. पुनर्विकासाचा नकाशा तपासताना घराचे चौरस फूट मोजले जातात, ते मोजावेतच. त्याबरोबर आणखी एक मोजमाप हवे: सत्तरीची बाई कोणाचा हात न धरता भाजी आणायला जाऊन परत येऊ शकते का? वाटेत टेकायला बाक, उन्हाला झाड, ओलांडायला पुरेसा वेळ देणारा सिग्नल आणि तळमजल्याला मोटारींऐवजी दुकाने, एवढ्याने ते साधते. हा खर्च घरांच्या मानाने किरकोळ आहे. मागणाराच नाही, म्हणून तो राहून जातो.

बटाट्याच्या चाळीतले भाडेकरू निदान मागायला तरी गेले होते. यंदा आमच्या इमारतीतल्या पोरांनी किल्ला कुठे बांधावा, असे मला विचारले. मी त्यांना घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. दोन मोटारींची जागा आठ दिवसांसाठी मिळाली आहे. संध्याकाळी आई खाली येऊन खुर्ची टाकून बसते, आणि किल्ला पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारते, ‘‘कुठल्या मजल्यावरचे तुम्ही?’’