अंतर्गत मूल्यमापन आणि अंतिम परीक्षा : भाकितक्षमतेच्या दाव्याची चिकित्सा

प्रशिक्षणकाळातील परीक्षेच्या गुणांवरून विद्यार्थ्याचे अंतिम परीक्षेतील यश आधीच सांगता येते, असे वैद्यकीय शिक्षणात सामान्यतः गृहीत धरले जाते. अमेरिकेतील निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणांतर्गत परीक्षांवर या अनुषंगाने विपुल संशोधन झाले असून, तेथील गुण व पुढील प्रमाणपत्र परीक्षेतील गुण यांत धन सहसंबंध वारंवार आढळला आहे. मात्र या निष्कर्षाला दुसरी बाजू आहे. चांगले गुण मिळविणारा उत्तीर्ण होईल, हे भाकीत बहुधा खरे ठरते. कमी गुण मिळविणारा अनुत्तीर्ण होईल, हे मात्र अनेकदा चुकते.

बारामतीच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी एमबीबीएसचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम देशभर लागू झाला. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमांनुसार अंतर्गत मूल्यमापनाचे गुण विद्यापीठ परीक्षेच्या गुणांत मिळविले जात. नव्या व्यवस्थेत ते मिळविले जात नाहीत. लेखी व प्रात्यक्षिकात प्रत्येकी किमान ४० टक्के आणि एकत्रित ५० टक्के गुण ही परीक्षेस बसण्याची अट तेवढी राहिली. दोन्ही गुणसंख्या वेगळ्या झाल्यामुळे त्यांची परस्परांशी तुलना आता शक्य झाली, असे वरवर वाटते.

वस्तुतः तसे नाही. अट पूर्ण न करणारा विद्यार्थी परीक्षेस बसतच नाही. त्यामुळे तुलनेसाठी उरतो तो वरचा गट. गुणांची व्याप्ती अशी आकुंचित झाली की सहसंबंधही दुबळा दिसतो. शिवाय पन्नासच्या किंचित अलीकडे थांबलेले गुण सहसा पन्नासवर येऊन स्थिरावतात, हे परीक्षा विभागात काम केलेल्या प्राध्यापकांना वेगळे सांगावयास नको! जे साधन प्रवेशद्वाराचे काम करते, त्याच साधनाची भाकितक्षमता द्वाराच्या आतील माणसांवरून मोजता येत नाही.

हाच पेच इतर विद्याशाखांतही आढळतो. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय स्वायत्त आहे. तेथे अंतर्गत व सत्रान्त अशा दोन्ही मूल्यमापनांची जबाबदारी महाविद्यालयाकडेच असते. अशा ठिकाणी सहसंबंध उच्च आढळला, तरी तो विद्यार्थ्याच्या गुणवत्तेविषयी जितके सांगेल, तितकेच परीक्षकांच्या सवयींविषयीही सांगेल. इंदापूर परिसरातील संलग्न महाविद्यालयांत अंतर्गत गुण महाविद्यालयाचे, तर अंतिम परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची असते. येथे परीक्षक वेगळा असल्याने तुलना अधिक प्रामाणिक ठरू शकते. परंतु दोन्ही गुण अंतिम निकालात एकत्र होतात, आणि बेरीज झालेल्या निकालाशी अंतर्गत गुणांचा संबंध शोधणे म्हणजे भागाची त्याच्याच पूर्णाशी तुलना करणे होय. ही चूक शोधनिबंधांत सहज खपून जाते.

याहून मूलभूत आक्षेप परीक्षेच्या हेतूविषयी आहे. आकारिक मूल्यमापनाचा हेतू उणिवा वेळीच दाखविणे हा असतो. राष्ट्रीय परीक्षा मंडळ डीएनबीच्या प्रशिक्षणार्थींसाठी अशी परीक्षा घेते, तिच्यामागेही हीच भूमिका आहे. पहिल्या चाचणीत मागे पडलेल्या विद्यार्थ्यास शिक्षकाने हाताशी धरले, रुग्णकक्षात पुन्हा उभे केले आणि तो उत्तीर्ण झाला, तर संख्याशास्त्राच्या दृष्टीने चाचणीचे भाकीत चुकले. शिक्षणाच्या दृष्टीने चाचणी सार्थ ठरली. याउलट, जेथे आरंभीचे दुबळे विद्यार्थी शेवटीही दुबळेच राहतात, तेथे भाकितक्षमता उत्तम दिसेल आणि अध्यापन निष्फळ ठरलेले असेल. अमेरिकेतील ‘चुकलेल्या’ भाकितांपैकी किती भाकिते अशा रीतीने चुकली, हे केवळ गुणांच्या तक्त्यावरून कळत नाही.

म्हणून सहसंबंधाचा एकच आकडा काढण्यापूर्वी महाविद्यालयांनी पहिल्या चाचणीचे मूळ गुण, त्यानंतर दिलेले उपचारात्मक अध्यापन आणि फेरचाचणीचे गुण यांच्या स्वतंत्र नोंदी जतन करणे आवश्यक आहे. प्रचलित पद्धतीत बहुधा अंतिम सुधारित गुणच विद्यापीठाकडे जातात, आणि मूळ गुण विभागाच्या कपाटात राहतात.