सगळे धागे जुळतात, हीच तक्रार

‘पाताल लोक’ या वेब सीरिजचा दुसरा सीझन पहिल्यापेक्षा सरस आहे, असं जानेवारी २०२५पासून जो तो सांगतोय. का, विचारलं तर उत्तर ठरलेलं: या वेळी कथानक घट्ट आहे, सगळे धागे जुळतात. जुळतात खरे. तक्रार नेमकी तीच आहे.

२०२०चा पहिला सीझन आठवा. पत्रकार संजीव मेहराला संपवायची सुपारी घेतलेला हथोडा त्यागी ऐनवेळी हात का आवरतो, या कोड्यामागे पोलीस इन्स्पेक्टर हाथीराम चौधरी नऊ भाग फरफटत जातो. उत्तर काय, तर कुत्रा! मेहराच्या बायकोने रस्त्यावरच्या कुत्रीला जीव लावलेला. कुत्र्यांवर माया करणारा माणूस वाईट नसतो, ही गुरूची शिकवण त्यागीने प्रमाण मानलेली. म्हणजे मेहरा वाचला तो अंगी नसलेल्या चांगुलपणापायी. आणि पोरवयात हातोड्याने तिघांना ठार करणारा त्यागी दयेचा एक नियम मरेपर्यंत पाळत राहिला. त्यागी झालेल्या अभिषेक बॅनर्जीला मोजकीच वाक्यं होती, तरी त्याची कीव करावी की धसका घ्यावा, ठरत नव्हतं. शिवाय आरोपींमधला तो कबीर, आपली सुंता वैद्यकीय कारणाने झाली असं डॉक्टरचं सर्टिफिकेट जवळ बाळगणारा. त्या एका कागदात जे होतं, ते नव्या आठ भागांत मिळून नाही.

आता जॉनथन थॉम हा नागा नेता दिल्लीत मारला जातो, रघू पासवान नावाचा एक जण बेपत्ता होतो आणि तपास नागालँडला पोचतो. जयदीप अहलावत उत्तमच आहे. पण त्याच्या हाथीरामला आता स्वतःविषयी शंकाच येत नाही. त्याचा हट्ट शेवटी बरोबरच ठरतो. जुना सहकारी अन्सारी समलिंगी आहे हे कळल्यावर तो गांगरतो, मग सावरतो. दोघांमध्ये काहीतरी अवघड इथून सुरू होऊ शकलं असतं. तेवढ्यात अन्सारीला मारून टाकतात आणि उरलेल्या भागांना इंधन मिळतं. लोक याला धाडस म्हणाले. मला ती पटकथेची सोय वाटते.

वाईट वाटतं ते दिग्दर्शक अविनाश अरुणचं. त्याच्या ‘किल्ला’ चित्रपटात मित्र चिन्मयला भर पावसात गडावर सोडून जातात, त्यावर कुणी भाषण ठोकत नाही. इथे नागा टेकड्यांवरचं धुकं तो तितक्याच प्रेमाने टिपतो, पण त्या धुक्याआड गोष्टीतलं काहीच दडलेलं नसतं.

दुसऱ्या सीझनचं घसरणं तसं नवं नाही. ‘सेक्रेड गेम्स’चा दुसरा सीझन हवालदार काटेकरविना पोरका होऊन आश्रमात भरकटला. ‘मिर्झापूर’कडे गमावण्यासारखं काही नव्हतंच.

‘सेक्रेड गेम्स’ने बॉम्ब फुटला की नाही ते झाकून ठेवलं, त्याला गूढ म्हणणारेही भेटतात. ती नुसती माहितीची कंजुषी. पहिल्या ‘पाताल लोक’ने सगळं सांगून टाकलं होतं आणि तरीही निवाडा करणं आपल्याला जड गेलं होतं. ‘प्रेक्षकाला उत्तरं हवी असतात’ असं ऐकवणाऱ्यांनी एवढंच सांगावं: उत्तर मिळूनही थॉमचा खून कुणी केला, हे न अडखळता किती जण सांगतील? तिसरा सीझन आलाच, तर हाथीरामला एक तरी चूक करू द्या, शेवटच्या भागातही न निस्तरता येणारी.