विक्षिप्तपणाची घडण : कल्ट अ‍ॅनिमेशनविषयी

अ‍ॅनिमेशनच्या बाबतीत ‘कल्ट’ हे विशेषण दोन निराळ्या प्रकारच्या चित्रपटांना सर्रास लावले जाते. प्रदर्शनाच्या वेळी जो पडला, दाबला गेला किंवा फारसा कोणाच्या नजरेसच आला नाही आणि पुढे मोजक्या चाहत्यांनी जिवापाड जपला, तो पहिला प्रकार. आणि ज्याची दृश्यभाषाच रूढ कार्टूनपटांशी फटकून वागते, तो दुसरा. यांपैकी पहिली बाब वितरणाच्या इतिहासात मोडते आणि दुसरी कलाविचारात, परंतु दोहोंची सरमिसळ होत गेल्यामुळे चाहत्यांची समीक्षा दुर्मिळतेलाच गुणवत्ता मानू लागली आहे. या कलेत जो विक्षिप्तपणा पन्नास वर्षांनंतरही टवटवीत राहिला आहे, त्याचा उगम धक्कादायक विषयात क्वचितच सापडतो. माती, कागद, काच, कापड या वस्तू आणि त्यांना चौकटीमागून चौकट हलवणारा हात यांच्या झटापटीत तो सापडतो, आणि याच कसोटीवर या परंपरेची उजळणी होणे आवश्यक आहे.

या कसोटीला सर्वांत पूर्णपणे उतरणारी कृती म्हणजे प्रागचे अतिवास्तववादी कलावंत यान श्वांकमायेर यांचा ‘डायमेन्शन्स ऑफ डायलॉग’ (1982) हा सुमारे बारा मिनिटांचा लघुपट. तो स्टॉप-मोशन पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष वस्तू किंचित हलवून तिचे एकेक छायाचित्र घेत, घडवलेला आहे. सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबाने बारा मिनिटांना सतरा हजारांवर चौकटी लागतात आणि प्रत्येक स्थिती दोनदा टिपून काम निम्म्यावर आणले, तरी आठ हजारांहून अधिक वेळा वस्तूला हात लावावाच लागतो. लघुपटाच्या पहिल्या भागात भाजीपाल्याचे व खाद्यपदार्थांचे एक मस्तक, स्वयंपाकघरातील भांड्याकुंड्यांचे दुसरे आणि कागद-पुस्तकांसारख्या लेखनसामग्रीचे तिसरे, अशी मस्तके एकमेकांना गिळतात, चिरडतात आणि ओकून टाकतात. प्रत्येक फेरीगणिक लगदा अधिकाधिक बारीक होत जातो आणि अखेरीस गुळगुळीत मातीचे एकसारखे चेहरे एकमेकांची नक्कल ओकत राहतात. या मस्तकांचे मूळ सोळाव्या शतकातील इटालियन चित्रकार आर्चिम्बोल्दो याच्या फळा-भाज्यांच्या व्यक्तिचित्रांत आहे आणि तो प्रागमध्ये दरबार असलेल्या सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या पदरी होता, त्यामुळे ही उसनवारी मुळात प्रागच्याच घरातली ठरते. तिसऱ्या भागात मातीची दोन मस्तके समोरासमोर येतात. एकाच्या तोंडातून टूथब्रश बाहेर येताच दुसऱ्याच्या तोंडातून त्यावर पेस्ट पडते, पावाला लोणी भेटते, बुटाला नाडी आणि पेन्सिलीला टोकयंत्र. पुढे मात्र क्रम चुकतो, भलत्या वस्तूवर भलती वस्तू आदळू लागते आणि दोन्ही मस्तके थकून, तडे जाऊन, धापा टाकत राहतात. समाजवादी राजवटीतील ठरीव संवादाची चिरफाड याहून नेमकी क्वचितच झाली असेल. आणि तिच्यात शब्द एकही नाही. 1983 साली बर्लिन महोत्सवात या लघुपटाला ‘गोल्डन बेअर’ मिळाले, मायदेशी मात्र तो अधिकाऱ्यांच्या रोषास पात्र ठरला. अर्थात केवळ राजकीय रूपक म्हणून त्याचा उलगडा करणारी समीक्षा अपुरी पडते, कारण मातीवर उमटलेले बोटांचे ठसे, चघळल्या जाणाऱ्या वस्तूंचा खरखरीत आवाज आणि पाहणाऱ्याला येणारी शिसारी हे सारे त्या रूपकात न मावणारे आहे.

प्रागच्या या परंपरेत श्वांकमायेर यांच्याआधी यिर्झी त्रंका यांचे नाव घ्यावे लागते. त्यांच्या ‘द हँड’ (1965) या बाहुलीपटात फुलासाठी कुंडी घडवू पाहणाऱ्या कुंभाराच्या मागे एक अजस्र हात लागतो व स्वतःचाच पुतळा करण्याची सक्ती करतो. बाहुली निर्जीव असून हात मात्र खराखुरा माणसाचा, या एकाच निवडीत सत्तेविषयीचे सारे विधान येऊन जाते.

रशियन दिग्दर्शक युरी नॉर्स्टाइन यांचे विश्व याच्या अगदी उलट, मृदू आणि धूसर आहे. त्यांचे तंत्र कट-आउटचे, म्हणजे कापलेल्या सपाट आकृत्या हलवण्याचे असले, तरी त्या आकृत्या एकावर एक अंतराने ठेवलेल्या काचांच्या थरांवर मांडल्यामुळे चित्राला खोली येते. ‘हेजहॉग इन द फॉग’ (1975) मधील धुके संगणकाविना, पातळ पारदर्शक कागद आकृतीवर ठेवून तो चौकटीगणिक कॅमेऱ्याकडे वर उचलत उभे केलेले आहे, आणि म्हणूनच त्या धुक्याला पोत आहे, वजन आहे. ‘टेल ऑफ टेल्स’ (1979) मध्ये हीच पद्धत युद्धाच्या आणि बालपणाच्या स्मृतींना लावली गेली. 1981 पासून हाती घेतलेला गोगोलच्या कथेवरील ‘द ओव्हरकोट’ मात्र दशके उलटली तरी पुरा झालेला नाही. चाहत्यांच्या वर्तुळात या अपूर्णतेचेच माहात्म्य गायले जाते, ते पटण्यासारखे नाही. विलंब हे काही सौंदर्यमूल्य नव्हे आणि नॉर्स्टाइन यांचे मोठेपण पूर्ण झालेल्या लघुपटांत पुरेसे सिद्ध झालेले आहे.

पूर्ण लांबीच्या चित्रपटांकडे वळताच चित्र असमान होते. रने लालू यांचा ‘फँटास्टिक प्लॅनेट’ (1973) फ्रेंच-चेक सहनिर्मितीतून प्रागच्या त्रंका स्टुडिओत घडला आणि कान महोत्सवात त्याला विशेष पारितोषिक लाभले. निळे महाकाय द्राग इवल्याशा माणसांना पाळीव प्राण्यांसारखे खेळवतात, ही कल्पना कादंबरीतून आलेली असली, तरी चित्रपटाचा कणा चित्रकार रोलाँ तोपोर यांच्या बारीक रेघांनी छायांकित केलेल्या चित्रांत आहे. कापलेल्या कागदाची अवघडलेली हालचाल येथे दोष न राहता त्या परक्या ग्रहाची शरीरभाषाच बनते. कथानकाचा शेवट घाईघाईत गुंडाळलेला आहे, हेही नमूद केले पाहिजे.

याच वर्षीचा जपानी ‘बेलाडोना ऑफ सॅडनेस’ हा इइची यामामोतो यांचा चित्रपट वादग्रस्त उदाहरण म्हणून महत्त्वाचा आहे. त्यातील मोठा भाग हालचाल करीतच नाही. स्थिर जलरंगचित्रांवरून कॅमेरा सरकत जातो आणि ही काटकसर पाहता पाहता शैली होते. त्याच सुमारास निर्माती मुशी प्रॉडक्शन ही संस्था दिवाळखोरीत निघाली, चित्रपट विस्मृतीत गेला आणि 2016 मध्ये नूतनीकृत प्रतीच्या रूपाने परतला. त्याची चित्रे अप्रतिम आहेत, पण नायिकेवरील अत्याचार दाखवताना तीच चित्रे इतकी मोहक होतात की स्त्रीच्या बंडाची गोष्ट सांगण्याचा त्याचा दावा ढिला पडतो. राल्फ बक्षी यांच्या ‘फ्रिट्झ द कॅट’ (1972) या अमेरिकेत ‘एक्स’, म्हणजे केवळ प्रौढांसाठीचे, प्रमाणपत्र मिळालेल्या पहिल्या अ‍ॅनिमेशनपटाचे तर आता ऐतिहासिक महत्त्वच काय ते उरले आहे. त्यातला धक्का विषयाचा होता, आणि असा धक्का काळाबरोबर विरतो.

आजच्या स्थितीचा विचार करता जुन्या प्रतींचे नूतनीकरण जोमात आहे, पण नव्या निर्मितीची स्थिती नाजूक आहे. फिल टिपेट यांनी 1980 च्या दशकाअखेरीस सुरू केलेला ‘मॅड गॉड’ हा स्टॉप-मोशनपट संगणकीय प्राण्यांच्या लाटेत बाजूला पडला व पुढे स्वयंसेवकांच्या मदतीने 2021 मध्ये प्रेक्षकांसमोर आला. गंज, चिखल आणि आतडी यांनी भरलेले त्याचे पाताळ थक्क करणारे आहे; तथापि बीभत्साची रास रचताना त्याला लय सापडत नाही, आणि श्वांकमायेर यांनी बारा मिनिटांत साधलेले त्याला सुमारे ऐंशी मिनिटांतही हाती लागत नाही.

भारताचा या परंपरेशी संबंध मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमार्गे येतो. चेकोस्लोव्हाकियात जाऊन त्रंका यांच्याकडे शिकून आलेले प्रमोद पती यांनी सरकारी माहितीपटांच्या त्या कारखान्यात ‘एक्स्प्लोरर’ (1968) सारखा भोवंड आणणारा प्रयोग करून दाखवला. पुढे ‘आबिद’ (1972) मध्ये त्यांनी पिक्सिलेशन, म्हणजे बाहुलीऐवजी जिवंत माणसालाच चौकटीचौकटीने हलवण्याचे तंत्र, वापरून चित्रकार आबिद सुरती यांना रंगांनी भरत जाणाऱ्या खोलीत नाचवले. सरकारी पैशातून इतका बेछूट खेळ निघावा, ही आजच्या अनुदानसंस्कृतीला न झेपणारी गोष्ट आहे. 1975 मध्ये पती यांचे निधन झाले आणि त्यांच्यामागे घराणे असे उभे राहिले नाही. पुढील दशकांत मुंबईतील गीतांजली राव यांनी एकहाती घडवलेला ‘प्रिंटेड रेनबो’ (2006) हा लघुपट एकाकी वृद्धेला काडेपेट्यांवरील चित्रांच्या दुनियेत नेतो. छापील लेबलाचा सपाटपणा, त्याचे भडक रंग आणि बाहेरच्या चाळवजा करड्या जगाशी त्याचा विरोध यांतूनच त्याची सारी कथा निघते. त्यामानाने त्यांचा मोठ्या चमूने चितारलेला ‘बॉम्बे रोज’ (2019) रंगकामात अधिक श्रीमंत असूनही हिंदी चित्रपटाच्या प्रेमकथेच्या साच्याला टेकून चालतो आणि तितका परका, तितका अनपेक्षित वाटत नाही.