ओढला जाणारा बैल

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल समोर आला की आपली नजर शिंगांच्या बेगडीवर, पाठीवरच्या झुलीवर, कपाळी चिकटवलेल्या आरशाच्या तुकड्यावर खिळते. राळेगावच्या एखाद्या गल्लीत तो भेटला, तर जरा खाली वाकून त्याचे पाय पाहा. चारही खूर एका फळीत रोवलेले असतात. फळीखाली दोन आस आणि चार चाके असतात, पुढच्या कडेला एक भोक असते, आणि त्या भोकातून ओवलेल्या सुतळीचे दुसरे टोक चार-पाच वर्षांच्या एका मुठीत असते. एवढीच ती रचना, पण तिच्यात केवढी उलटापालट लपली आहे! वर्षभर या काळ्या मातीत बैल ओढत आला. त्याने नांगर ओढला, वखर ओढला, तिफण ओढली, कपाशीच्या तासांतून डवरा ओढला, आणि वेचणी झाल्यावर कापसाने शिगोशीग भरलेली बंडी जिनिंगच्या फाटकापर्यंत ओढली. पोळ्याच्या दिवशी त्याच्या खांद्यावरचे जू उतरले. आणि दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याच्या घरातले सर्वांत लहान माणूस पुढे झाले, दोरी हातात घेतली आणि बैलाला ओढू लागले. ज्या सुताराने पहिल्यांदा लाकडी बैलाला चाके लावली, त्याने ती लेकराचा हात भरून येऊ नये एवढ्याचसाठी लावली असतील. पण ती लागली, आणि वर्षभराचे एक ऋण दुपारच्या दोन तासांत, खडखड आवाज करत, उलट्या दिशेने फिटू लागले. मला या सणात सर्वांत मोहवणारी गोष्ट ही आहे.

राळेगाव यवतमाळच्या पूर्वेला आहे, वर्धा नदीच्या अलीकडच्या पट्ट्यात, कापसाच्या मुलखात. श्रावणी अमावस्येला पोळा भरतो तेव्हा पावसाळा अजून ओसरलेला नसतो. कपाशी कमरेला लागलेली असते, पातीफुलांवर आलेली असते, आणि पुढे बोंड किती धरणार याची चिंता घराघरांत चाललेली असते. दारोदार पळसाच्या डहाळ्यांचे मेढे ठेवलेले असतात. दुसरा दिवस भाद्रपद प्रतिपदेचा, विदर्भात ज्याला पोळ्याची कर म्हणतात तो. त्या दिवशी पहाटेच मेढे उचलून, मारबतीच्या नावाने ओरडत, घरातली रोगराई त्यांच्याबरोबर शिवेबाहेर टाकायची. सकाळ अशी गावाबाहेर काय टाकायचे याची, आणि दुपार लेकरांची. नागपूरकर भोसल्यांच्या परंपरेत या लहान, म्हणजेच तान्ह्या, पोळ्याचे श्रेय दुसऱ्या रघुजींना देतात. 1788 ते 1816 हा त्यांच्या राज्याचा काळ. शेतीत बैलाचे काय स्थान आहे ते मुलांना खेळता खेळता कळावे, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. राजाने सुरू केला असेल किंवा राजाने लोकांकडून उचलला असेल. विदर्भातल्या गावोगावच्या लेकरांनी तो इतका आपलासा केला की आज राजवाड्याची आठवण न काढताही तो पुरता शोभून दिसतो.

आता बैल जरा जवळून पाहू. याचे लाकूड बहुधा जुने असते. सागवानाचे असले तर दोन पिढ्या सहज टिकते, कडुनिंबाचे असले तर थोरल्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे सहज पोचते. दरवर्षी नवा असतो तो साज. तो आदल्या आठ दिवसांत, घरात हाताला लागेल त्यातून जमवला जातो. आईच्या जुन्या लुगड्याचा काठ झूल होतो, आणि काठ आखूड पडला तर शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या असतातच. नाड्याचा तुकडा वेसण होतो. शर्टाची तुटकी बटणे दोऱ्यात ओवली की गळ्यातली माळ होते. मिठाईच्या पुड्यावरचा सोनेरी कागद शिंगांना गुंडाळला जातो. चपटे केलेले बाटलीचे बूच, त्याला खिळ्याने भोक, अशी दोन-तीन बुचे तारेत अडकवली की घुंगरांचे काम भागते, आणि त्यांचा आवाज खऱ्या घुंगरांपेक्षा अंमळ कर्कश असला तरी ओढणाऱ्याच्या कानाला तो कमी वाटत नाही. यात विकत आणलेले असते ते फार तर वारनिशाचे छोटे डबडे, तेही तीन घरांत मिळून एक.

आणि रंग! जुन्या बैलाच्या मांडीवर एखादी खपली निघालेली असते, तिच्यात आपण हळूच डोकावले तर वरच्या पांढऱ्याखाली तपकिरी दिसतो, तपकिरीखाली एखाद्या हौशी मामाने दिलेला निळा दिसतो, निळ्याखाली गेरू. घरात कोण कोण लहान होते आणि त्यांना कोणता रंग प्रिय होता, याची ही वंशावळ बैलाच्या कातडीत जपलेली असते. जुना रंग खरवडून काढायचा कंटाळा कुणी केला म्हणून ती जपली गेली. हा कंटाळा मला फार मोलाचा वाटतो.

एक जागा मात्र मोठ्या माणसांनी कधी हातात घेऊ नये, आणि शहाणी माणसे घेतही नाहीत. ती म्हणजे डोळे. बापाने पाठ रंगवावी, आजीने झूल शिवावी, पण काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून केलेला कुंचला डोळ्यांसाठी लेकराच्या हाती जावा. मग एक डोळा मोठा होतो, दुसरा किंचित वर चढतो, बाहुलीचा काळा ठिपका ओघळून गालापर्यंत येतो, आणि बैलाला एकाएकी मुद्रा लाभते. बाजारात मांडलेले बैल सारे एकसारखे, शांत, मिटल्यासारखे बघतात. हा मात्र किंचित गोंधळलेला, किंचित आश्चर्यचकित, आणि आपल्यावरच नजर रोखून असलेला. त्याचे नाव ठेवले जाते ते याच क्षणी. रंग वाळायच्या आत तो सर्जा होतो, नाहीतर राजा.

मोठ्यांच्या पोळ्यातले विधी लहानांच्या पोळ्यात येतात ते लहान होऊन येत नाहीत, हे मला फार सुंदर वाटते. आदल्या सांजेला खऱ्या बैलाचा खांदा हळद-तुपाने चोळून शेकतात, कारण जू तिथे टेकते आणि तिथेच घट्टे पडतात. लाकडी बैलाच्या खांद्याला कसले घट्टे? तरीही वाटीच्या तळाची उरलेली हळद बोटावर घेऊन एखादे लेकरू तो खांदा चोळत बसते, आणि घरातले कुणी हसत नाही. दुपारी मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात, त्याखाली बैल ओळीने उभे राहतात. ओळ अर्थातच सरळ नसते. कुणाचा बैल उताराला लागतो, कुणाचे चाक निसटते, कुणाला ऐन वेळी शू लागते. धोतर नेसवलेल्या, फेटा बांधलेल्या आणि काजळाची मिशी काढलेल्या शेतकऱ्यांच्या त्या रांगेत हल्ली मुलीही आपापले बैल घेऊन तितक्याच ऐटीत उभ्या असतात. मोठी माणसे मागे उभी राहतात, तोरण तुटेपर्यंत थांबतात. बायाबापड्यांनी आणि मिशीवाल्या आजोबांनी हा खेळ ज्या गांभीर्याने मनावर घेतलेला असतो, त्यातच लेकराचा सारा मानसन्मान आहे.

मग घरोघरची फेरी. दोन अंगुळे उंच चाकांवरचा बैल उंबरठ्यापाशी अडतो. आतून काकूंचा आवाज येतो, ‘थांब रे बाबू, पाणी आणतो.’ वऱ्हाडातल्या बाईच्या तोंडची ही ‘आणतो’ची बोली त्या क्षणी किती गोड लागते, ते तिथल्याच माणसाला ठाऊक. काकू खरोखर पाणी आणतात. लाकडी खुरांवर ते ओततात, कुंकवाचे बोट लावतात, अक्षता टाकतात, निरांजन ओवाळतात. खुरांवरचा रंग त्या पाण्याने थोडा पसरतो, पण त्याला इलाज नाही. नंतर लेकराच्या हाती बोजारा पडतो, कुठे पाच रुपये, कुठे दहा, कुठे मूठभर फुटाणे, कुठे बिस्किटाचा पुडा. खरे बैल घेऊन दारी येणाऱ्या मालकाला जसा आदराने बोजारा द्यायचा, तसाच हा. चार वर्षांच्या माणसाला गावाने धनी म्हणून ओळखल्याची ती पावती असते. पैसे आईच्या पदराखाली जातात, फुटाणे तिथेच संपतात.

चाकांवरच्या जनावराचे हे वेड आपल्या मातीत किती जुने आहे, हे आठवून पाहण्यात निराळे सुख आहे. 1974 साली प्रवरेच्या काठी दायमाबादला काशाची चार शिल्पे हाती लागली. एक बैलजोडीचा रथ, एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा. बरेच अभ्यासक त्यांचे वय चार हजार वर्षांच्या आसपास धरतात. चारही मिळून 60 किलोंहून अधिक वजनाची, म्हणजे ती लेकरांची खेळणी नव्हेत. पण उभे जनावर एका पाटावर रोवायचे आणि पाटाला चाके द्यायची, ही कल्पना तीच आहे. राळेगावच्या गल्लीतला बूच वाजवणारा सर्जा त्या हत्ती-गेंड्यांचा दूरचा आप्त आहे, असे मानायला माझे मन क्षणात तयार होते.

चाकांच्या खेळण्याचा विषय निघाला की शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला रोहसेन आठवणारच. शेजारच्या श्रीमंत मुलाची सोन्याची गाडी परत गेली म्हणून चारुदत्ताचे ते पोर रडते. दासी त्याला मातीची गाडी देते आणि त्याची समजूत पटत नाही. मग वसंतसेना स्वतःचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत घालते, आणि पुढे न्यायसभेत तेच दागिने चारुदत्ताच्या जिवावर उठतात. एका मुलाचा हट्ट सबंध नाटकाच्या नावात जाऊन बसला! रोहसेनाचे रडणे खोटे नव्हते, आणि आजच्या तान्ह्या पोळ्यातही ते ऐकू येते. शहरातून आणलेला, घोट्याहून उंच चाकांचा, झळझळीत बैल रांगेत शेजारी उभा राहिला की बटणांच्या माळेचा बैल धरणाऱ्या मुठीची पकड थोडी सैल होते. सजावटीची बक्षिसे जिथे लावली जातात तिथे ही चढाओढ अधिक जाणवते, आणि मला ती रुचत नाही. पण फेरी सुरू झाली की उंची उपयोगाची राहत नाही. पावसाने मऊ झालेल्या काळ्या मातीत सगळ्यांची चाके सारखीच रुततात, आणि हलका बैल उचलून काखेत मारता येतो.

शिवारात बैलजोड्या विरळ होत चालल्या आहेत. मोठ्या पोळ्याच्या तोरणाखाली पूर्वी मावत नसत, आता मोकळी जागा दिसते. ट्रॅक्टरला कुणी पुरणपोळी भरवत नाही. छोटा पोळा मात्र भरगच्च भरतो. ज्यांच्या घरी गोठा नाही, ज्यांचे वडील दुकानात किंवा कचेरीत जातात, तीही लेकरे बैल घेऊन येतात. यात खंत वाटण्यासारखे आहे, पण मला त्यात एक विलक्षण तग धरणेही दिसते. बैलाला कुरवाळायचे कसे, त्याच्यापुढे ताट कसे ठेवायचे, हे जे हात गोठ्यात शिकले नाहीत ते फळीवरच्या सर्जाकडून शिकत आहेत.

पोळ्यानंतर थोड्याच दिवसांनी, भाद्रपदाच्या पौर्णिमेला, लेकरांचा दुसरा खेळ, भुलाबाईचा, मांडला जातो आणि तो कोजागिरीपर्यंत चालतो. धांड्यांच्या मखरात मातीचे भुलाबाई-भुलोजी बसतात, टिपऱ्या वाजतात, गाणी होतात, आणि मग त्या खेळाचा सर्वांत लज्जतदार भाग येतो, खिरापत ओळखण्याचा. झाकलेला डबा मधोमध येतो. उघडायचा नाही, नुसता कानाशी धरून हलवायचा. फुटाणे खुळखुळतात, लाह्या कुजबुजतात, शेंगदाण्याचे लाडू गडगडतात, शिरा मात्र काहीच बोलत नाही, आणि म्हणून सर्वांत अवघड. डब्याच्या कडेला नाक लावून वेलदोड्याचा माग काढणाऱ्या मुली असतात, आईच्या हातांवर पिठाचा डाग राहिला का ते न्याहाळणाऱ्या असतात, आणि अजून बोलता न येणारी एखादी कडेवरची धाकटी असते, जिला सारे ठाऊक असते कारण ती स्वयंपाकघरात बसली होती. तिच्याकडून उत्तर काढण्याचे सारे उपाय करून होतात. नुसता शिरा केला तर कुणीतरी गप्प डब्यावरून ओळखेल, हे जाणून एखादी मुरलेली आई त्यात वाटीत दोन चिंचोके घालून ठेवते. अंगणभर डबा फिरतो, खुळखुळतो, दाणे म्हणून, डाळ्या म्हणून, बत्तासे म्हणून सगळ्यांची उत्तरे चुकतात, झाकण निघते आणि मग जो कल्लोळ उठतो! ‘काकू, हे चालणार नाही, चिंचोके खिरापत नसते!’ आणि काकू पदर तोंडाला लावून, वाटी बाजूला काढून, पहिला घास त्या कडेवरच्या धाकटीला भरवत असतात.