रिकामा गोठा आणि हरणीचे पाय

हबक्कूक संदेष्ट्याविषयी आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नाही. बापाचे नाव नाही, गावाचे नाही. पुस्तक अवघे तीन अध्यायांचे, आणि त्याची सुरुवात स्तुतीने नव्हे, गाऱ्हाण्याने होते. इतका आक्रोश करूनही देव ऐकत का नाही, हा त्याचा पहिला सवाल. उत्तर मिळते ते गाऱ्हाण्याहून भयंकर: खास्दी लोक चालून येणार आहेत, आणि त्यांना देवच उठवतो आहे. हबक्कूक यावरही वाद घालतो, मग बुरुजावर जाऊन वाट पाहत उभा राहतो.

मला बोलायचे आहे ते तिसऱ्या अध्यायातल्या शेवटच्या तीन वचनांविषयी.

सतरावे वचन म्हणजे नुसती यादी आहे. अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाने दगा दिला, शेतात अन्न नाही, मेंढवाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. जैतुनासाठी मूळ हिब्रूत जे क्रियापद आहे त्यात खोटे बोलण्याचा अर्थ आहे. वर्षानुवर्षे जपलेले झाड आणि ते फसवते! यादीचा उतारही पाहण्यासारखा आहे. फळ गेले, तेल गेले, मग ताटातली भाकरी, आणि शेवटी गुरे, म्हणजे पुढच्या पेरणीची आशाच. दुष्काळात दावणीची जनावरे विकलेल्या घराला ही शेवटची ओळ समजावून सांगावी लागत नाही. या अख्ख्या वचनात माणूस नाही आणि देवही नाही.

पुढच्या वचनात दोघेही एकदम येतात. हिब्रूत वचन सुरू होते तेच ‘पण मी’ने. तो म्हणतो, मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मधे कारण दिलेले नाही. अंजीर पुन्हा बहरेल असे आश्वासन नाही, आणि यादीतली एकही ओळ खोडलेली नाही. संकटातल्या माणसाला ‘विश्वास ठेवा, सगळे नीट होईल’ म्हणून धीर देणारे बरेच असतात. हबक्कूक नीट होण्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याचा आनंद गोठा भरण्यावर टांगलेला नाही.

हे काही शूराचे बोलणेही नव्हे. उपदेशात बहुधा गाळले जाणारे सोळावे वचन आधी वाचावे. त्यात त्याच्या पोटात कालवाकालव होते, ओठ थरथरतात, हाडे कुजू लागल्यासारखी वाटतात. हे भय ओसरल्याचे कुठेही म्हटलेले नाही. ते अंगात असतानाच तो गातो आहे.

पंडिता रमाबाईंनी अख्खे बायबल साध्या मराठीत आणले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात हे वचनही त्यांच्या हाताखालून गेले. कोवळ्या वयात त्यांनी दुष्काळात आईवडील गमावले होते. १८९६च्या दुष्काळानंतर मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावला त्यांच्यासाठी छप्पर उभे केले होते. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. ‘शेतात अन्न नाही’ या अर्थाचे शब्द मराठीत लिहिताना त्यांना कोशात डोकवायची गरज पडली नसावी.

एकोणिसाव्या वचनात तो म्हणतो, देव माझे पाय हरणीच्या पायांसारखे करतो आणि मला उंच जागांवरून चालवतो. डोंगर सपाट होत नाही, कडे तसेच राहतात. बदलतात ते पाय. मला ही प्रतिमा फार प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात वाट सोपी झाल्याचा दावा नाही. हरिणीला सपाट रस्ता लागतच नाही.

आणि त्याच वचनाच्या शेवटी एक सूचना आहे, वाचताना सहसा सुटणारी: हे गीत वाद्यवृंदाच्या प्रमुखाकडे द्यावे, माझ्या तंतुवाद्यांवर. ज्याचे ओठ तीन वचनांपूर्वी थरथरत होते तो आता कोणती वाद्ये घ्यायची ते सांगतो आहे. खास्दी अजून यायचे आहेत. यरुशलेम पडेल ते इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास, आणि ते पडण्याआधी मंडळीला हे गाणे बसवायचे आहे.